एकही मिसफायर नाही

“सायेब, तितं नका बसू,” धोंडिबा मुकादम म्हणाला.

हे तो तिसऱ्यांदा सांगत होता. पहिल्या दिवशी म्हणाला, तिथे ऊन लागतं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, मुंगळे आहेत. आज तिसरा दिवस. मी खडकावर मांडी घालून बसलो होतो, डबा उघडा होता, दशमीचा तुकडा हातात होता, आणि मला आता राग यायला लागला होता.

“आज काय आहे इथे?” मी विचारलं.

धोंडिबाने जरा विचार केला. “इंगळी दिसलीती काल,” तो म्हणाला.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि माणसं ओळखण्यात माझा हात कोणी धरणार नाही अशी माझी समजूत होती. तो सपाट खडक खाणीच्या बरोबर मध्ये होता. तिथून सगळं काम दिसायचं. मुकादमाला मी तिथे नको होतो, म्हणजे मला दिसू नये असं काहीतरी तिथे चाललं होतं. एवढं मी ताडलं. पुढचं ताडलं नाही.

हातातली लोखंडी टोकाची काठी मी खडकावर दोनदा आपटली. “मी इथेच बसणार,” म्हणालो. “उद्यासुद्धा.”

धोंडिबाने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला उर्मट वाटली. ती उर्मट नव्हती, घाबरलेली होती, हे कळायला आणखी एक तास लागला.

आता आधीचं सांगतो.

पहिलं महायुद्ध नुकतंच सुरू झालं होतं. लोणावळ्याजवळ एका धरणाचं काम चाललं होतं. त्याला दगड पुरवणाऱ्या खाणीवर माझी ओव्हरसियर म्हणून नेमणूक झाली. पुण्याला कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत नंबर वर होता. धरण आपल्यामुळेच उभं राहणार याबद्दल मला शंका नव्हती. खाणीवर साठ-सत्तर माणसं. निम्मी बेडसे आणि आसपासच्या गावांतली शेतकरी माणसं, निम्मी डोंगरावरच्या वाड्यांमधली. धोंडिबा बेडशाचा. पन्नाशीचा, बोलायला कमी. सगळे त्याला भाऊ म्हणत.

काम साधं होतं. जंपर म्हणजे माणसाच्या उंचीची पोलादी पहार. ती उचलायची, दगडावर आपटायची, जरा फिरवायची, पुन्हा आपटायची. असं करत तीन-चार हात खोल होल पाडायचं. हे काम जंपरवाल्यांचं. मग सुरुंगवाल्यांनी त्यात दारू भरायची, वात लावायची, वर माती ठासायची. दिवसाला दहा-बारा होलं. शिट्टी वाजवून, लाल निशाण दाखवून सगळ्यांना लांब घालवायचं आणि वाती पेटवायच्या. मग बार मोजायचे. बारा पेटवले आणि बारा वाजले तर काम झालं. अकरा वाजले तर एक आत जिवंत राहिला. याला आम्ही मिसफायर म्हणायचो. खाणीवरची माणसं फुसका बार म्हणत.

फुसका बार म्हणजे खाणीतली सगळ्यात वाईट गोष्ट. तो उकरायचा नसतो. त्यावर जंपर मारला तर मारणाऱ्याचं काही उरत नाही. शेजारी हातभर अंतरावर दुसरं होल पाडून, ते उडवून, त्या धक्क्याने पहिला उडवावा लागतो. त्यात अर्धा दिवस जातो.

माझ्या आधी तिथे एक म्हातारे ओव्हरसियर होते. त्यांची वही मी पहिल्याच दिवशी चाळली. दर महिन्याला दोन-तीन मिसफायर, तारखेसकट नोंदलेले. मला वाटलं, काय हा ढिलेपणा. मी सुधारणा करायचं ठरवलं.

वातीचं बंडल तोपर्यंत धोंडिबाच्या झोपडीत आढ्याला टांगलेल्या पत्र्याच्या डब्यात असायचं. खंडाळ्याच्या कचेरीतल्या एका कारकुनाने मला सांगितलं होतं की लोक सुरुंगाचं सामान पळवतात आणि नदीत मासे मारतात. मी डबा उचलला आणि माझ्या ऑफिसात आणला. ऑफिस म्हणजे दगडी भिंतींची एक खोली. टेबलाखाली एक लाकडी पेटी होती, तीत वात ठेवली, कुलूप लावलं, चावी जानव्याला बांधली. रोज होलांच्या हिशेबाने तुकडे कापून मीच द्यायचो, एकही जास्त नाही.

मग ऑफिसच्या भिंतीवर एक काळा बोर्ड लावला. ज्याचा बार फुसका निघेल त्याचं नाव बोर्डावर, आणि आठ दिवस काम बंद. तिसऱ्या वेळी कायमचं घरी. होल कुठे पाडायचं हे आधी मुकादम ठरवत असे. पुढे तिसऱ्या महिन्यात तेही मी माझ्याकडे घेतलं. चुन्याची बोळकी घेऊन मी स्वतः पांढरी वर्तुळं काढायला लागलो.

पहिल्या महिन्यात आठ मिसफायर झाले. म्हाताऱ्यांच्या दुपटीहून जास्त. बोर्ड नावांनी भरला. मी बधलो नाही. आणि मग काय सांगावं, दुसऱ्या महिन्यात एकही नाही. तिसऱ्यात एकही नाही.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. बार मी स्वतः मोजत नव्हतो. नियमाप्रमाणे दोनशे पावलं लांब उभं राहायचं असतं. मी साडेतीनशे पावलं जाऊन टेकाडाच्या पलीकडे उभा राहायचो. तिथून एकात एक मिसळलेला गडगडाट ऐकू यायचा. मग धोंडिबा येऊन सांगायचा, “बारा झालं.” मी लिहायचो, बारा. एकदा मला अकराच वाजल्यासारखे वाटले. मी विचारलं. तो म्हणाला, “दोन एकदम वाजलं, सायेब.” असं होतं कधी कधी, मला माहीत होतं. हे उत्तर मला इतकं आवडलं की पुढे त्याने ते वरचेवर दिलं तरी माझ्या लक्षात आलं नाही.

खंडाळ्याहून माझ्या कौतुकाचं पत्र आलं. त्याची नक्कल मी सासऱ्यांना पाठवली. नक्कल दोनदा केली, कारण पहिलीत अक्षर मनासारखं आलं नव्हतं.

खाण शांत झाली होती. मी आलो तेव्हा जंपर मारताना माणसं हाळी द्यायची, गाणी म्हणायची, एकमेकांच्या सासुरवाडीवरून चेष्टा करायची. आता कोणी बोलत नव्हतं. जंपरवाले एका बाजूला बसून भाकरी खात, सुरुंगवाले दुसऱ्या बाजूला. सुरुंगवाले म्हणत, होलात पाणी ठेवता. जंपरवाले म्हणत, तुम्हाला ठासता येत नाही. दुसऱ्याचं नाव बोर्डावर गेलं तर आपलं वाचतं, हे सगळ्यांना समजलं होतं. दगड वाहणाऱ्या बायका सरळ वाट सोडून लांबचा वळसा घालू लागल्या. वेळ काढतात म्हणून मी त्यांना दोनदा झापलं. त्या मुकाट ऐकून घेत आणि पुन्हा वळसा घालत.

या सगळ्याला मी शिस्त म्हणत होतो. खंडाळ्याला गेलो की सांगायचो, माझ्या खाणीवर टाचणी पडली तरी ऐकू येते.

तर, तो तिसरा दिवस. माझं जेवण झालं. हात धुतले. धोंडिबाचं म्हणणं डोक्यात घोळत होतं. या खडकावर त्याला मी नको, बरं तर, हा खडकच आज फोडू. मी चुना घेतला आणि जिथे बसून जेवलो होतो तिथेच वर्तुळ काढलं.

जंपरवाल्यांमध्ये सगळ्यात तरबेज होता लखमा. वरच्या वाडीतला, तिशीचा, सडपातळ. मी त्याला बोलावलं.

“लखमा, इथे होल पाड.”

लखमा जंपर घेऊन आला. वर्तुळाकडे पाहिलं. धोंडिबाकडे पाहिलं. धोंडिबा डोंगराकडे बघत होता.

“हितं न्हाई मारत,” लखमा म्हणाला.

“का?”

“न्हाई मारत.”

“कारण सांग.”

“ते न्हाई सांगत.”

“मग घरी जा. उद्या येऊ नकोस.”

त्याने जंपर खाली ठेवला. इतका हळू ठेवला की जणू खाली कोणी झोपलं होतं. पागोटं नीट केलं आणि वाडीच्या वाटेला लागला. मी दुसऱ्याला बोलावलं. त्यानेही वर्तुळ पाहिलं आणि मान हलवली. तिसरा तर जागचा हललाच नाही. एव्हाना सगळी खाण काम थांबवून उभी होती.

मला वाटलं, हा संप आहे. आज आपण नमलो तर आपली नोकरी संपली. मी कोट काढला. “होल कसं पाडतात ते मी दाखवतो,” म्हणालो. जंपर मी त्याआधी एकदाच हातात धरला होता, कॉलेजात, फोटो काढताना. तो किती जड असतो हे फोटोत कळत नाही. तरी मी तो छातीपर्यंत उचलला.

तेवढ्यात सोनाबाई पुढे आली. दगड वाहणाऱ्या बायकांमध्ये ती सगळ्यात वडील, सगळे तिला मावशी म्हणत. तिने डोक्यावरचं घमेलं उतरवलं, सावकाश चालत आली आणि पांढऱ्या वर्तुळाच्या मधोमध पाय पसरून बसली. कमरेची चंची सोडली, पान काढलं.

“मार आता,” ती म्हणाली.

“मावशी, उठा.”

“न्हाई उठत. येक तर मार, न्हाईतर त्यो जंपर खाली ठिव आन् ऐक.”

खाणीवर आल्यापासून मला पहिल्यांदाच कोणी अरेतुरे केलं होतं. मी जंपर धरून तसाच उभा राहिलो.

“माज्याखाली फुसका बार हाय,” सोनाबाई म्हणाली. “सा दिस झालं. खुणंला तीन दगड ठिवलं हुतं येकावर येक. ते तू फेकून दिलंस, आन् वर बसून जेवलास. तीन दिस.”

ते तीन दगड मला आठवले. पहिल्या दिवशी बसायला अडचण होत होती म्हणून मीच ते भिरकावले होते. मला खाणीत पसारा आवडत नसे.

“भाऊ, खरं आहे हे?” मी धोंडिबाला विचारलं. मुकादमाला मी भाऊ म्हणालो हे नंतर माझ्या लक्षात आलं.

“व्हय,” तो म्हणाला.

“मग मला सांगितलं का नाही?”

त्याने ऑफिसच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे बोर्ड होता.

माझ्या हातांतला जंपर दोघांनी मिळून काढून घेतला. माझी बोटं त्यावरून सुटत नव्हती. नुसतं वर बसल्याने बार उडत नाही, हे मला नंतर बऱ्याच जणांनी समजावून सांगितलं. पण मी लोखंडी काठी आपटत बसलो होतो. आणि सोनाबाई आली नसती तर पोलादी पहार वरून घातली असती. मला बसावंसं वाटलं, पण बसायला जाताना मध्येच थबकलो.

“भाऊ, इथे बसू का?” मी विचारलं.

“तितं बसा. तितं काय न्हाई.”

खाणीवरच्या तीन महिन्यांत मी धोंडिबाला खरोखर विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

जरा दम खाऊन मी विचारलं, “असे अजून किती आहेत?”

कोणी बोललं नाही.

“कोणाचंही नाव लिहिणार नाही. कोणालाही बंद करणार नाही. सांगा.”

सोनाबाई उठली, लुगडं झटकलं, घमेलं उचललं. “सायेब,” ती म्हणाली. माझं साहेबपण तिने परत दिलं होतं. “बोर्ड तितंच हाय अजून.”

खाणीचं काम मी तिथेच थांबवलं आणि सगळ्यांना घरी पाठवलं.

संध्याकाळी ऑफिसात वही उघडून बसलो. मिसफायरच्या रकान्यात काय लिहायचं? ‘एक’ लिहिला तर तो सहा दिवसांपूर्वीचा. म्हणजे सहा दिवसांपूर्वीचं ‘नाही’ खोटं. मग त्याच्या आधीचीही ‘नाही’ खोटी. मग खंडाळ्याचं पत्रही बिनबुडाचं. मग सासरे. एवढा विचार झाल्यावर मी दौतीत टाक बुडवला आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘नाही’.

लिहून झाल्यावर मी त्या शब्दाकडे बघत राहिलो. माझं नाव कोणी बोर्डावर लिहिणार नव्हतं. माझे वरचे साहेब, असिस्टंट इंजिनियर पेंढारकर, माझ्याशी कधी आवाज चढवूनही बोलले नव्हते. तरी मी खोटं लिहिलं होतं, आणि ते लिहायला मला फार वेळही लागला नव्हता. लखमाची तर रोजची भाकर त्या बोर्डाला टांगलेली होती.

मी ती ओळ खोडली. खाली खरं लिहिलं आणि पेंढारकर साहेबांना चिठ्ठी पाठवली. हे मोठ्या मनाने केलं असं सांगायला मला आवडलं असतं. खरं असं आहे की धोंडिबा जाताना दारात थांबून म्हणाला होता, “वहीत काय लिवताय ते उद्या इचारीन.” त्याला वाचता येत नव्हतं, पण माझा चेहरा वाचता येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंढारकर साहेब तट्टावरून आले. पंचेचाळिशीचे, बारीक अंगाचे, कधीच घाईत नसलेले. त्यांनी वही पाहिली. खोडलेली ओळही पाहिली.

“पहिल्या महिन्यात आठ,” ते म्हणाले. “तुमच्या आधी दोन-तीन असायचे. हे आठ कशाने झाले?”

“माणसांच्या हलगर्जीपणाने, सर.”

“माणसं तीच आहेत. काय बदललं?”

मी विचार करू लागलो. त्यांनी माझी वाट पाहिली नाही. “वात दाखवा,” म्हणाले.

जानव्याची चावी काढून मी टेबलाखालची पेटी उघडली. साहेबांनी हातभर तुकडा कापून घेतला, बाहेर अंगणात नेला आणि पेटवला. चार बोटं जळला, फुसफुसला आणि विझला. दुसरा कापला. तोही अर्ध्यात विझला. तिसरा नीट जळला.

ते पुन्हा आत आले, गुडघ्यावर बसले आणि पेटीच्या खाली हात घातला. हात ओला निघाला. टेबलाच्या शेजारी माझा पाण्याचा रांजण होता. मावळात पाऊस सरला तरी जमिनीतून ओल पुढे दोन महिने येत राहते, हे खाणीवरच्या प्रत्येकाला माहीत होतं. मला पुस्तकातली सगळी कोष्टकं पाठ होती.

“आधी कुठे असायची ही?” साहेबांनी विचारलं.

“मुकादमाच्या झोपडीत, सर. आढ्याला.”

“तिथून का हलवली?”

“चोरी होईल म्हणून.”

“झाली होती कधी?”

“नाही.”

साहेबांनी दारात उभ्या असलेल्या धोंडिबाला विचारलं, “तुला माहीत होतं वात ओल धरते?”

“व्हय.”

“मग साहेबांना बोलला नाहीस?”

“बोललो की. पैल्याच हप्त्यात. सायेब म्हनलं, चावी माज्याकडं हाय आन् अक्कलबी माज्याकडं हाय.”

असं म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. पण वाक्य माझंच होतं. तिथे दुसरं कोणी असं बोलत नसे.

साहेब हात पुसत म्हणाले, “मिसफायरला जो जबाबदार त्याचं नाव बोर्डावर. असाच नियम आहे ना तुमचा?”

मी खडू घेतला आणि बाहेर गेलो. खाण सगळी जमली होती. बोर्डावरची जुनी नावं पुसली आणि एक नाव लिहिलं.

“कुनाचं लिवलं?” मागून कोणीतरी विचारलं.

“माझं.”

“वाचून दावा.”

मी बोट ठेवून वाचलं, “दामले.” कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. मग मी बोर्डच उतरवला, तेव्हा सोनाबाईने फळी मागून घेतली. तिच्या दाराला खाली फट होती, उंदीर यायचे.

मला वाटलं, आता सगळं सरळ झालं. आता सांगतील. मी पुन्हा विचारलं, “अजून किती आहेत?” धोंडिबा म्हणाला, “लखमाला आना. मंग बगू.”

म्हणून मी डोंगर चढलो. धोंडिबा बरोबर होता. लखमाची वाडी वर दीड तासाच्या चढावर. तो नाचणी कापत होता. मला पाहून त्याने विळा थांबवला नाही. मी बांधावर उभा राहिलो.

“लखमा, कामावर ये,” मी म्हणालो. “चूक माझी होती. वात माझ्याकडेच भिजत होती.”

“ते ठाव हाय.”

“बोर्ड काढला.”

“ते बी कळलं.” वाडीत बातमी माझ्या आधी पोचली होती. त्याने एक मूठ कापून बाजूला ठेवली. “उद्या माजा बार फुसका निगाला तर?”

“वहीत लिहीन. तुझं नाव नाही, नुसता बार.”

“परवा निगाला तर?”

“परवाही.”

“आन् तुमास्नी वरनं कागद आला, येवढं फुसकं का म्हून, तर?”

कागदाच्या नुसत्या धाकाने मी काय लिहितो हे आदल्या संध्याकाळी मी पाहिलं होतं. तो कापत राहिला.

“तर तो कागद मला आलेला असेल,” मी म्हणालो. “तुला नाही.”

लखमाने धोंडिबाकडे पाहिलं. धोंडिबाने मान हलवली. होकारार्थी होती की नुसतीच, मला कळलं नाही. लखमा म्हणाला, “वात भाऊच्या झोपडीत ठिवा. येवढी वळ झाली की येतो.”

त्याची ओळ संपेपर्यंत मी पेंढ्या उचलून बांधावर नेऊन टाकत होतो. कोणी सांगितलं नव्हतं. नुसतं उभं राहवेना.

दुपारी खाणीत लखमा पुढे, आम्ही सगळे मागे. कधी तो एखाद्या जागी थांबायचा, कधी सुरुंगवाल्यांपैकी कोणी, आणि तिथे तीन दगड रचले जायचे. माझ्या खडकाखेरीज आणखी चार निघाले. दोन जंपरवाल्यांना आठवत होते, दोन सुरुंगवाल्यांना. एकमेकांशी बोलत नसल्याने पाचही ठिकाणं एकाच माणसाला माहीत नव्हती. बायका जी सरळ वाट टाळत होत्या, तिच्या बरोबर कडेला एक होता. आधी आधी त्यांनी असे बार गुपचूप निस्तरले होते. दुसऱ्या दिवशीच्या बारांतलं एखादं होल मुद्दाम शेजारी पाडायचं, की काम भागायचं. मग मी चुन्याची वर्तुळं काढू लागलो आणि तीही सोय गेली.

ते पाच बार उडवायला तीन दिवस लागले. होलांच्या जागा धोंडिबाने ठरवल्या. पेंढारकर साहेबांनी जाताना फर्मावलं होतं की मला कामावरून बंद करता येत नाही, तर मी आठ दिवस मुकादमाच्या हाताखाली राहावं. मी राहिलो. दगडावर हातोडी मारून आवाजावरून भेग कुठे आहे ते कसं ओळखायचं, हे तो मला शिकवायचा. मला ते शेवटपर्यंत नीट जमलं नाही. बार उडवताना मी टेकाडापलीकडे न जाता सगळ्यांबरोबर दोनशे पावलांवर उभा राहायला लागलो. सगळे मिळून मोठ्याने मोजायचे. आकडा चुकला की लगेच भांडण लागायचं, दहा की अकरा. ती भांडणं ऐकून मला बरं वाटायचं. महिन्याभराने जंपरवाल्यांची गाणीही सुरू झाली. त्यातल्या एकात माझं नाव होतं. काय म्हणत होते ते मी कधी विचारलं नाही.

त्या महिन्याच्या वहीत सात मिसफायर होते. जुने पाच आणि नवे दोन. वरच्या कचेरीतून कागद आला. दोन महिने उत्तम चाललेलं काम एकाएकी का बिघडलं, याचा खुलासा करावा. पेंढारकर साहेबांनी खुलासा लिहिला, की काम बिघडलेलं नसून सुधारलं आहे. तो कोणाला पटला नाही. माझ्या फायलीला ठपका लागला. सासऱ्यांना मी नक्कल पाठवली नाही.

पुढे तीस वर्षं मी अनेक कामांवर होतो. माझ्या हाताखाली चांगली माणसं होती, वाईटही होती. पण काम जिथे जिथे नासलं तिथे शोधत गेल्यावर बहुतेक वेळा शेवटी कोणीतरी साहेब सापडला, ज्याला कोणी काही सांगत नव्हतं. दोन-तीन वेळा तो साहेब पुन्हा मीच होतो. माणसं खोटं का बोलतात, हे विचारण्याआधी खरं बोलणाऱ्याचं आपण काय करतो ते आठवून बघावं, एवढं मला कळलं. ते वेळेवर आठवतंच असं नाही.

त्या वर्षीची माझी बढती शेजारच्या खाणीवरच्या ओव्हरसियरला मिळाली. त्याच्याकडे वर्षभरात एकही मिसफायर नव्हता. मी त्याला अभिनंदनाचं पत्र लिहिलं. खाली एक ओळ घातली, की वात कोरड्या जागी आहे ना ते पाहावं, आणि बार स्वतः मोजावेत.

उलट टपालाने उत्तर आलं. आमच्याकडे सर्व ठीक आहे.